पीएस२च्या डिस्क चालवणारा पीएस३ कसा ओळखावा

जुना पीएस३ (सोनीचा ‘प्लेस्टेशन ३’ गेम कन्सोल) विकणारा ‘यावर पीएस२चे गेमपण चालतात’ असं बिनदिक्कत सांगतो. काही पीएस३वर ते खरंच चालतात, काहींवर अर्धवट चालतात आणि बहुतेकांवर अजिबात चालत नाहीत. बाहेरून हे तिन्ही प्रकार पहिल्या नजरेत सारखेच वाटू शकतात. पैसे देण्याआधी खालच्या क्रमाने तपासणी करा.

१. आधी घरातल्या डिस्क बघा

डिस्क उलटी करा. खालची बाजू काळी असेल तर ती पीएस१ची. पीएस१ची डिस्क तिच्या प्रदेशाच्या कुठल्याही पीएस३वर चालते, त्यामुळे तुमच्याकडे फक्त काळ्या डिस्क असतील तर मॉडेल शोधत बसू नका. निळी असेल तर ती सीडीवर आलेली पीएस२ची डिस्क, आणि चंदेरी असेल तर डीव्हीडीवरची.

मग कव्हरवरचा प्रदेश बघा. पीएस३चे स्वतःचे गेम जवळपास सगळीकडे चालतात, पण पीएस१ आणि पीएस२च्या डिस्कना प्रदेशाचं कुलूप आहे. भारतात विकल्या गेलेल्या पीएस२च्या डिस्क ‘पाल’ प्रकारच्या, म्हणजे युरोपात चालतात त्याच प्रदेशाच्या आहेत. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ किंवा ‘देसी अड्डा’सारखे खास आपल्याकडचे गेमही त्यातच आले. अमेरिकेहून आणलेल्या कन्सोलवर ते चालणार नाहीत, मग तो कितीही महागाचा असो.

२. कन्सोलच्या मागचं लेबल वाचा

मागच्या बाजूला ‘सीईसीएच’ने (CECH) सुरू होणारा मॉडेल क्रमांक असतो. त्यानंतरचं एक अक्षर आपल्या कामाचं. त्यापुढचे दोन आकडे प्रदेश सांगतात: ०० म्हणजे जपान, ०१ म्हणजे अमेरिका.

कृपा करून जीबीवर जाऊ नका. पीएस३ची हार्ड डिस्क घरच्या घरी बदलता येते, त्यामुळे आत किती जीबी आहे यावरून काहीच ठरत नाही. आणि मूळचा आकडा कळला तरी उपयोग नाही, कारण ८० जीबीचा एक पीएस३ पीएस२चे गेम चालवतो आणि त्याच आकड्याचा दुसरा चालवत नाही.

३. अक्षराचा अर्थ लावा

ए आणि बी: नोव्हेंबर २००६मध्ये जपान आणि अमेरिकेत आलेले पहिले कन्सोल. ए म्हणजे ६० जीबीचा, बी म्हणजे २० जीबीचा. यांच्या मदरबोर्डवर पीएस२चा प्रोसेसर ‘इमोशन इंजिन’ आणि ग्राफिक्सची चिप ‘ग्राफिक्स सिंथेसायझर’ या दोन्ही बसवलेल्या आहेत. आत एक अख्खा पीएस२च आहे म्हणा ना! जवळपास सगळे गेम नीट चालतात.

सी आणि ई: सी म्हणजे मार्च २००७मध्ये युरोपात आलेला ६० जीबीचा, ई म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत आलेला ८० जीबीचा. खर्च कमी करायला सोनीने यातून इमोशन इंजिन काढलं आणि ग्राफिक्सची चिप ठेवली. प्रोसेसरचं काम पीएस३चा सेल प्रोसेसर सॉफ्टवेअरच्या जोरावर निभावतो. बरेच गेम ठीक चालतात. काहींमध्ये आवाज तुटतो, काहींमध्ये मधले व्हिडिओ अडखळतात, काही गेम तिथेच गोठतात.

बाकी सगळे, म्हणजे २००७च्या अखेरीस आलेला ४० जीबीचा जी, नंतरचे के, एल, शिवाय २००९चे स्लिम आणि २०१२चे सुपर स्लिम: पीएस२ची डिस्क विसरा. ग्राफिक्सची चिपही गेली. त्या बदल्यात अमेरिकेत किंमत ६०० डॉलरवरून ४०० डॉलरवर आली, आणि खरं सांगायचं तर बहुतेक गिऱ्हाइकांनी तक्रार न करता तो सौदा मान्य केला.

लेबल फाटलं असेल तर पुढचे यूएसबी पोर्ट मोजा. चार असतील तर ए, बी, सी, ई यांपैकी एक. दोन असतील तर पुढे बोलणंच नको.

४. डिस्क आणि कन्सोलची जोडी जुळवा

इथे बरेच जण फसतात. इंटरनेटवर सगळीकडे ए मॉडेलचं कौतुक वाचायला मिळतं आणि लोक अमेरिकेतल्या नातेवाइकाला तो आणायला सांगतात. पण तुमच्या डिस्क पाल असतील तर तुमच्या कामाचा आहे तो सी, तोच अर्धवट चालणारा. अमेरिकन ए घ्यायचा तर अमेरिकन डिस्कही घ्याव्या लागतील. शिवाय विजेचं बघा: लेबलवर १०० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट जोडू नका, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा.

५. विकत घेताना चालवून बघा

पीएस२ची एक डिस्क सोबत न्या. दुरुस्तीत मदरबोर्ड बदललेला असू शकतो, आणि मग लेबल एक सांगतं, आतलं सामान दुसरं. न चालणाऱ्या कन्सोलवर डिस्क घातली की ‘हे मॉडेल पीएस२च्या सॉफ्टवेअरसाठी नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. गेम सुरू झाला तर लगेच बंद करू नका, अर्धा तास तरी खेळा. हे सुरुवातीचे कन्सोल फार तापतात. पिवळा दिवा लागून कायमचे बंद पडण्याबद्दल ते बदनाम आहेत. पंखा सुरुवातीपासूनच घोंघावत असेल तर भाव पाडा, नाहीतर सोडून द्या.

६. घरी आणल्यावर

‘गेम’ मेनूत ‘मेमरी कार्ड युटिलिटी’त जाऊन पीएस२चं अंतर्गत मेमरी कार्ड तयार करा आणि ते स्लॉट १ला लावा. हे राहिलं तर गेम सेव्हच होत नाही. गेम सुरू झाला पण कंट्रोलर दाद देत नसेल, तर मधलं पीएसचं बटण दाबून कंट्रोलरला पोर्ट १ द्या. पहिल्या पीएस३सोबत आलेल्या ‘सिक्सॅक्सिस’ कंट्रोलरमध्ये कंपन नाही, त्यासाठी ‘ड्युअलशॉक ३’ लागतो.

चित्र धूसर वाटलं तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘गेम सेटिंग्ज’मध्ये अपस्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीसाठी मोठं करणारी सोय) ‘नॉर्मल’वर ठेवा. ‘फुल स्क्रीन’ केलंत तर माणसं आडवी पसरतात. ‘स्मूदिंग’, म्हणजे चित्राच्या कडा मऊ करणं, हा मात्र आवडीचा प्रश्न. मला त्याने चित्र पुसट वाटतं, म्हणून मी बंद ठेवतो. सिस्टिम अपडेट करायला घाबरू नका, त्याने पीएस२ची सोय जात नाही.

आणि एवढं सगळं फक्त पीएस२साठीच चाललं असेल, तर चांगल्या स्थितीतला पीएस२च घ्या. पाल डिस्कवाल्यांना तर तो सी मॉडेलपेक्षा नक्कीच जास्त गेम चालवून देईल. डिस्कचा आग्रह नसेल तर आणखी एक वाट आहे: २०११पासून सोनीने ऑनलाइन दुकानात निवडक पीएस२चे गेम डाउनलोडसाठी ठेवले, आणि ते दोन यूएसबी पोर्टवाल्या पीएस३वरही चालतात.