जुन्या ट्रकचं कॅम टायमिंग: नुसत्या खुणेवर जाऊ नका

कॅम टायमिंग म्हणजे पिस्टनच्या चालीशी वॉल्व्ह उघडण्याची वेळ जुळवणं. वडाळ्याला एका ट्रकचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन बांधत होतो. कुर्ल्याहून आणलेल्या सेकंडहँड कॅम गिअरवर पंचाच्या दोन खुणा होत्या, एक कारखान्याची, दुसरी आधीच्या कुणा मिस्त्रीची. मी नेमकी दुसरी धरली. सेल्फ मारला, टक् आवाज आला आणि दोन पुश रॉड (कॅमची ढकल वर रॉकरला पोचवणाऱ्या दांड्या) वाकले. नशीब, वॉल्व्ह वाचले.

तेव्हापासून टॉप, म्हणजे पिस्टन सर्वात वर पोचतो ती जागा, आधी स्वतः शोधतो. हेड चढवण्याआधी एक नंबरच्या पिस्टनवर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लावा. टॉपला क्रँक थोडी फिरली तरी काटा जागचा हलत नाही, म्हणून अंदाजाने खूण करू नका. काटा सर्वात वर जाईल तिथे शून्य धरा. पिस्टन चढताना टॉपच्या 2 मिलिमीटर खाली असेल तेव्हा पुलीवर एक रेघ, उतरताना तेवढ्याच खाली दुसरी. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टॉप.

मग गिअर चढवा. क्रँक आणि कॅमच्या गिअरमध्ये आयडलर, म्हणजे मधला जोडगिअर, असेल तर इंजिन फिरवल्यावर खुणा लगेच परत जुळत नाहीत. घाबरून गिअर उपसू नका.

हेड आणि रॉकर (वॉल्व्ह दाबणारे आडवे हात) बसले की एक नंबर कम्प्रेशनच्या टॉपला आणा. एकचे दोन्ही टॅपेट ढिले हवेत आणि सहाचे रॉकर झुलायला हवेत, म्हणजे एक वॉल्व्ह मिटतोय आणि दुसरा उघडतोय. उलटं दिसलं तर क्रँक आणखी एक फेरी.

आता खरी परीक्षा. एकच्या इनटेकला (हवा आत घेणाऱ्या वॉल्व्हला) रॉकरखाली मॅन्युअलमधली तपासणीची गॅप द्या. बऱ्याच इंजिनांत ती चालवायच्या गॅपपेक्षा वेगळी असते. क्रँक चालीच्या दिशेने सावकाश फिरवा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत पुश रॉड गोल फिरवत राहा. तो जड झाला की वॉल्व्ह उघडू लागला. तिथून टॉपच्या रेघेपर्यंत शिंप्याच्या टेपने मोजा: पुलीचा घेर 720 मिलिमीटर असेल तर 2 मिलिमीटरला एक अंश. आलेले अंश मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. पुढे निघून गेलात तर चांगलं पाव फेरी मागे जाऊन परत या, नाहीतर दात्यांमधली ढिलाई मापात येते.

क्रँक गिअरला 27 दाते असतील तर एक दाता चुकला की 13 अंशांचा फरक दिसतो. फरक तीन-चार अंशांचाच असेल तर दाता बदलून उपयोग नाही. गिअरची घीस बघा, चावीवाला गिअर असेल तर ऑफसेट चावी (गिअर जरासा सरकवून बसवणारी पायरीची चावी) घाला.

शेवटी इंजेक्टर न लावता हाताने दोन पूर्ण फेऱ्या. अडलं तर पान्याला पाईप लावून रेटू नका, हेड पुन्हा उघडा. डिझेल पंपाचं टायमिंग त्यानंतर. आणि गिअरवर कुणाची उपटसुंभ खूण सापडली, तर कव्हर लावायच्या आत कानशीने घासून टाका.