कोकणच्या परसबागेत टर्की : नवख्यांसाठी अनुभवाच्या गोष्टी

सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सीमेलगतच्या गावांत टर्की पाळण्याचा विचार करणाऱ्या बहुतेकांच्या दारात गावठी कोंबड्या आधीपासूनच असतात. त्यामुळे खुराडे, खाद्य, लसीकरण आणि मुंगसापासूनचा बंदोबस्त यांची प्राथमिक माहिती वाचकांना आहे, असे मी गृहीत धरते. माझे सांगणे त्या पुढचे आहे. कोंबडीच्या बाबतीत वर्षानुवर्षे निभावून गेलेल्या सवयींपैकी एक सवय, खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून पिल्ले वाढवण्याची, टर्कीच्या जिवावर उठते, आणि दुर्दैवाने तीच सवय नवख्याला सोयीचा मार्ग म्हणून सुचवली जाते.

आधी पिल्लांविषयी थोडक्यात सांगते. टर्कीचे अंडे 28 दिवसांनी फुटते. कोंबडीचे पिल्लू लगेच टिपू लागते, पण टर्कीच्या पिल्लाला समोरचे खाद्य आणि पाणी ओळखायलाच वेळ लागतो. पोटातील बलक दोन-तीन दिवस पुरतो, म्हणून ते सुरुवातीला ठणठणीत दिसते आणि नंतर भरल्या भांड्याशेजारी उपाशी मरते. प्रत्येक पिल्लाची चोच हलकेच पाण्यात बुडवावी, खाद्यावर बोटाने टकटक करावी, उजेड भरपूर ठेवावा आणि पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकाव्यात. पहिले 15 दिवस दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे कुस्करून द्यावे आणि लिटरभर पाण्यात 100 मिली दूध मिसळावे, ही शिफारसही उपयोगी पडते. पहिल्या आठवड्यात ऊब 35 अंश सेल्सिअसच्या आसपास असावी व पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करावी. खाद्यात सुमारे 28 टक्के प्रथिने लागतात. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात तेवढी नसतात आणि ती कमतरता पुढे वाढीत व पायांत दिसते. हे सारे कष्टाचे असले तरी अवघड नाही. सकाळ-संध्याकाळ पिल्लांजवळ बसण्याची तयारी असेल, तर हा टप्पा कोणालाही पार करता येतो.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. टर्कीची अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवावीत, म्हणजे उबवणीचा खर्च वाचतो, पिल्ले आईकडून टिपायला शिकतात आणि रात्रीच्या उबेचीही काळजी राहत नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. यातील प्रत्येक फायदा खरा आहे, म्हणूनच तो सल्ला घातक ठरतो. माझ्या पहिल्या थव्याला ज्या रोगाने गाठले, तो याच मार्गाने येतो. त्याला ब्लॅकहेड, म्हणजे काळे डोके, म्हणतात, आणि तो कसा पसरतो हे पायरीपायरीने समजल्याशिवाय टाळता येत नाही, म्हणून येथे मी सविस्तर लिहिते.

हिस्टोमोनास मेलिआग्रिडिस नावाचा एकपेशीय जीव या रोगाचे मूळ आहे. उघड्यावर तो फार काळ तग धरत नाही. पण कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात, म्हणजे आतड्याला जोडलेल्या बंद टोकाच्या पिशवीत, राहणाऱ्या हेटराकिस गॅलिनारम या बारीक जंताच्या अंड्यात शिरला की तो सुरक्षित होतो, कारण जंताची ती अंडी विष्ठेतून मातीत पडून ओलसर जागी वर्षानुवर्षे टिकतात. गावठी कोंबडी हा जंत आणि हा जीव दोन्ही पोटात बाळगून निरोगी दिसते, अंडी घालते, पिल्ले सांभाळते. पुढचा दुवा गांडुळाचा. गांडूळ माती खाताना जंताची अंडीही गिळते आणि ती त्याच्या शरीरात साठतात. मृगाच्या पहिल्या सरींनंतर आमच्याकडे परसात गांडुळे वर येतात, तेव्हा टर्कीची पिल्ले त्यांच्यावर तुटून पडतात. एकदा एक पक्षी आजारी पडला की पुढे जंताचीही गरज उरत नाही, कारण ताज्या विष्ठेच्या संपर्कातून टर्कीकडून टर्कीकडे रोग थेट पसरतो. म्हणजे आईच्या पंखाखालची ऊब, परसातील माती आणि पावसाळा ही तिन्ही एकाच साखळीच्या कड्या आहेत. कोंबड्या बाजूला नेल्या तरी माती तीच राहते, हे पुनःपुन्हा सांगावेसे वाटते.

पिल्ले साधारण तीन ते बारा आठवड्यांची असताना फटका सर्वांत मोठा असतो आणि थव्यातील बहुसंख्य पक्षी दगावू शकतात. पंख पडलेले, मान आखडून, डोळे मिटून उभे असलेले पक्षी आणि गंधकासारखी पिवळी विष्ठा ही लक्षणे दिसताच ताबडतोब हालचाल करावी. डोके काळे पडण्याची वाट पाहू नये. टर्कीच्या डोक्याचा रंग निरोगीपणीही सतत पालटत असतो. 1612 साली गोव्याहून बादशहा जहांगीरकडे नेलेल्या टर्कीचे वर्णन करताना त्यानेही हे रंग पालटणे आवर्जून नोंदवले, आणि मन्सूर या चित्रकाराने काढलेले त्या पक्ष्याचे चित्र आजही पाहायला मिळते.

मेलेला पक्षी पुरून टाकण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनासाठी न्यावा. यकृतावर गोल, मधोमध खोलगट डाग आणि फुगलेले, घट्ट चोथ्याने भरलेले आंधळे आतडे दिसले की शंका फारशी उरत नाही. नुसत्या विष्ठेवरून रक्ती हगवण किंवा मानमोडी समजून औषध पाजणाऱ्यांचे मोलाचे दिवस वाया जातात. ज्या औषधांनी पूर्वी हा रोग आटोक्यात येई, त्या नायट्रोइमिडाझोल गटाला अन्नासाठी पाळलेल्या पक्ष्यांमध्ये अमेरिकेत आणि युरोपीय संघात बंदी आहे, आणि ती योग्यच आहे असे माझे मत आहे. कोणी ‘एक गोळी चुरून द्या’ असे सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. जंतनाशकाने जंत मरतो, पण पक्ष्याच्या यकृतापर्यंत पोहोचलेला जीव त्याने मरत नाही.

म्हणून पहिला नियम असा की ज्या जमिनीवर कोंबड्या फिरल्या आहेत, तेथे टर्कीची पिल्ले उतरवू नयेत. अंडी उबवणी यंत्रात किंवा टर्कीच्या मादीखालीच उबवावीत. पिल्लांसाठी जमिनीपासून उंच मचाण बांधून बांबूच्या पट्ट्यांची किंवा जाळीची जमीन करावी, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि पाय कोरडे राहतात. अगदी लहान पिल्लांसाठी तुसाची गादी चालते, मात्र ती रोज हलवून कोरडी ठेवावी. कोंबड्यांकडे आणि टर्कीकडे जाताना चपला वेगळ्या असाव्यात. हे वाचून कोणी टर्कीचा विचार सोडू नये. तीन महिने काळजीने काढले की हा पक्षी खरोखर काटक होतो, लसूणघास, शेवग्याचा पाला, घोळ यांवर खाद्याचा मोठा भाग निभावून नेतो आणि परसातील किडे वेचून खातो.

मार्गदर्शकांबद्दलचे माझे मत स्पष्ट आहे. एका दिवसाचे प्रशिक्षण घेऊन पिल्ले विकणाऱ्यापेक्षा, दमट किनारपट्टीवर निदान दोन पावसाळे टर्की सांभाळलेल्या माणसाचा शब्द मोलाचा मानावा. त्याला वजनाविषयी विचारण्याआधी पक्षी कशाने मेले ते विचारावे. ‘टर्कीला रोगच होत नाहीत’ असे उत्तर मिळाले, तर तेथून पिल्ले घेऊ नयेत.

उन्हाळ्याबद्दल एवढेच सांगते की पक्ष्याला घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि एप्रिल-मेच्या दमट हवेत हा उपाय अपुरा पडतो. पत्र्यावर झावळ्या घालाव्यात, खाद्य पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास द्यावे, पाण्याची भांडी सावलीत ठेवून दुपारी बदलावीत.

सर्वांत अवघड निर्णय वेळेचा आहे. गोवा, वसई आणि मुंबईतील मागणी नाताळात असते, आणि 24 आठवड्यांचा पक्षी डिसेंबरच्या मध्यावर हवा असेल तर पिल्ले जूनच्या अखेरीस घ्यावी लागतात. म्हणजे त्यांचे सर्वांत नाजूक आठवडे भर पावसात येतात. पहिल्याच वर्षी हे धाडस करू नये, असे मी आग्रहाने सांगते. पहिली तुकडी ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर आणावी. ती मोकळी फिरू लागेल तेव्हा जमीन सुकलेली असेल आणि जून उजाडेपर्यंत पक्षी सात-आठ महिन्यांचे झालेले असतील. मादी साधारण तिसाव्या आठवड्याला अंड्यावर येते, म्हणजे मे महिन्यात घरचीच अंडी मिळू लागतील, आणि त्यांतून निघालेली पिल्ले मचाणावर वाढवून नाताळच्या बाजाराचा विचार दुसऱ्या वर्षी करता येईल. ऑक्टोबरच्या पिल्लांची मागणी मात्र ऑगस्टमध्येच नोंदवून ठेवावी आणि मचाण त्याआधी पूर्ण करावे.