स्पेस ट्रस कोसळतो कसा: भार वाढवत नेऊन तपासण्याची रीत

स्पेस ट्रस म्हणजे नळ्या किंवा दांडे तिन्ही दिशांत जोडून केलेला छपराचा सांगाडा. त्यात मेंबर, म्हणजे असे सुटे दांडे, शेकड्यांनी असतात. एखादा गेला तरी बाकीचे सांभाळून घेतील, असा भरवसा सर्रास धरला जातो. तो हिशोब करून पाहिल्याशिवाय धरू नये.

आधी प्रत्येक मेंबरची ताणातली आणि दाबातली ताकद वेगळी काढा. ७६.१ मिमी व्यासाची, ३.२ मिमी जाडीची, २४० मेगापास्कल यील्डची (पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते तो ताण) ३ मीटर लांब नळी घ्या. ताणात ती सुमारे १७६ किलोन्यूटन घेते. दाबात, दोन्ही टोके पिन (मोकळी फिरणारी) धरली तर तिचे स्लेंडरनेस गुणोत्तर, म्हणजे सडपातळपणाचे माप, ११६ येते आणि आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकातल्या 'ए' वक्राने, सुरक्षा गुणांक लावण्याआधी, जेमतेम ८५ किलोन्यूटन उरतात. म्हणून साध्या टेकूंवरच्या छपरात बहुधा मध्यभागाजवळची टॉप कॉर्ड (वरच्या थरातले मेंबर) आधी बकल होते, म्हणजे दाबाने बाजूला वाकते.

खरा प्रश्न त्यानंतरचा. बकल झालेली नळी तेवढाच भार धरून बसत नाही. ती जसजशी आखडते तसतसा तिचा भार उतरतो. फार सडपातळ नळीत ही उतरण संथ असते, मध्यम गुणोत्तराच्या नळीत एकदम खडी. उतरलेला भार शेजारच्या नळ्यांवर जातो. त्याही काठावर असतील तर त्या जातात आणि छप्पर क्षणात खाली येते. बॉटम कॉर्ड (खालच्या थरातले, ताणातले मेंबर) आधी यील्ड झाली असती, तर छप्पर भरपूर झुकून इशारा मिळाला असता.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दाबातल्या मेंबरला ही उतरणारी शाखा द्या. बकल झाल्यावरही भार तेवढाच राहतो अशी सपाट रेघ दिलीत तर उत्तर खोटे आणि धोकादायक बाजूला येईल. मॉडेलमध्ये नळ्यांना सुरुवातीपासूनच लांबीच्या १/१००० इतका बाक ठेवा. भार टप्प्याटप्प्याने वाढवा, पण शिखराजवळ (छप्पर पेलू शकेल त्या कमाल भाराजवळ) विस्थापन-नियंत्रण (भाराऐवजी सरकणे टप्प्याने वाढवणे) किंवा आर्क-लेंग्थ पद्धत (भार आणि सरकणे दोन्ही मिळून टप्पा ठरवणे) वापरा. निव्वळ भार वाढवत गेल्यास गणित तिथेच अडकते. मग अर्ध्या छपरावरचा भार, एका टेकूचे खचणे आणि आखूड पडलेली नळी ताणून बसवणे, या तीन गोष्टी घालून पुन्हा चालवा. नोडचे, म्हणजे मेंबर एकत्र येतात त्या सांध्यांचे, बोल्ट वेगळे तपासा: ते ताणात इशारा न देता तुटतात.

अमेरिकेतल्या हार्टफर्ड सिव्हिक सेंटरचे सुमारे ९१ × ११० मीटरचे छप्पर १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने कोसळले. काही तासांपूर्वी तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता; पहाटे आत कोणी नसल्याने जीवितहानी टळली. टॉप कॉर्ड चार अँगल जोडून अधिकचिन्हासारखी बनवलेली होती. हा छेद पिळवटून बकल होण्यात कच्चा असतो. शिवाय काही मेंबरांना मधोमध आधार आहे असे गणितात धरले होते, पण प्रत्यक्षात तो नव्हता. बांधकामातच झोक (छपराचे खाली झुकणे) गणिताच्या जवळपास दुप्पट मोजला गेला होता.

साइटवर झोक गणितापेक्षा २० टक्के जास्त आला तरी काम थांबवून मॉडेल तपासा. आमच्या मते यापेक्षा सैल मर्यादा ठेवू नये. आधी छपराचा स्वतःचा भार कमी धरला आहे का ते पाहा, मग मधले आधार खरोखर जोडलेत का ते.