सेंद्रिय अन्नासाठी जास्त पैसे मोजावेत का, हे कसे ठरवावे

सेंद्रिय अन्न घ्यावे की नाही यावरचे वाद सहसा मिटत नाहीत, कारण वाद घालणारी माणसे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. एकाला हे अन्न अधिक पौष्टिक आहे का, एवढेच जाणून घ्यायचे असते. दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर लहान मुलाच्या पोटात जाणारे कीटकनाशक असते. तिसऱ्याला माती, पाणी आणि शेतात फवारणी करणाऱ्या माणसाची काळजी असते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकसारखी नाहीत. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी आपला प्रश्न यांपैकी कोणता, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. तेवढे झाले तरी निम्मा गोंधळ दूर होतो.

दुसरी गोष्ट शब्दाच्या अर्थाची. ‘सेंद्रिय’ हा शब्द अन्न कसे पिकवले हे सांगतो. त्या अन्नात काय आहे आणि काय नाही, याची ग्वाही तो देत नाही. अमेरिकेत 2002 पासून लागू असलेल्या नियमांनुसार, निषिद्ध रसायन शेवटचे वापरल्यापासून तीन वर्षे उलटल्याशिवाय त्या जमिनीतले पीक सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. कृत्रिम खते, जनुकीय बदल केलेले बियाणे आणि बहुतेक कृत्रिम कीटकनाशके तेथे वर्ज्य आहेत. मात्र कीटकनाशकच वर्ज्य आहे, असा समज करून घेऊ नये. तांब्याची संयुगे, जिवाणूंपासून मिळणारे स्पिनोसॅड यांसारखी द्रव्ये सेंद्रिय शेतीत वापरता येतात. तांबे मातीत साठत जाते, म्हणूनच युरोपीय संघाने त्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे. वनस्पतींच्या मुळांपासून काढलेले रोटेनोन एके काळी सेंद्रिय शेतीत चालत असे. ते माशांना अत्यंत घातक आहे आणि युरोपीय संघाने त्याचा शेतीतला वापर बंद केला. निसर्गातून आलेले म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण मनातून काढून टाकलेले बरे.

आता पौष्टिकतेचा प्रश्न. याचे उत्तर थोडक्यात देता येते. 2012 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जीवनसत्त्वांच्या बाबतीत सेंद्रिय आणि साध्या अशा दोन्ही प्रकारांत दखल घेण्याजोगा फरक त्यांना आढळला नाही. 2014 मध्ये ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने 343 शोधनिबंधांचे विश्लेषण झाले. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट (पेशींची हानी रोखणारी समजली जाणारी) द्रव्ये अधिक आणि कॅडमियम हा विषारी धातू सुमारे निम्म्याने कमी आढळला. हे दोन निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटतात. पण पहिला जीवनसत्त्वांविषयी आहे, दुसरा अँटिऑक्सिडंट द्रव्ये आणि कॅडमियम यांविषयी; आणि ती द्रव्ये थोडी अधिक मिळाल्याने माणसाचे आरोग्य सुधारते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. फळाची जात कोणती, ते झाडावर किती पिकले आणि तोडल्यानंतर किती दिवसांनी पानात आले, यांनीही पोषणात बराच फरक पडतो. तेव्हा केवळ पौष्टिकतेसाठी जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पैशांत ताजी भाजी अधिक घ्यावी.

कीटकनाशकांच्या अंशांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि येथे थोडे थांबून विचार करायला हवा. न्यूकॅसलच्या त्याच विश्लेषणात कीटकनाशकांचे अंश रसायने वापरून पिकवलेल्या साध्या पिकांत सेंद्रिय पिकांच्या मानाने चौपट वेळा सापडले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील सिअॅटल परिसरातील 23 मुलांचा नेहमीचा आहार पाच दिवसांसाठी बदलून सेंद्रिय केला गेला. मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांच्या लघवीत उतरणाऱ्या खुणा त्या दिवसांत जवळजवळ नाहीशा झाल्या आणि नेहमीचा आहार सुरू होताच परतल्या. म्हणजे आहार बदलला की शरीरात जाणारे प्रमाण घटते, याबद्दल शंका उरत नाही.

प्रमाण घटले म्हणजे आजार टळला, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. रोज किती अंश चालेल याची मर्यादा ठरवताना प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेला अपाय दिसला नाही, ती मात्रा साधारणपणे शंभराने भागली जाते. बाजारातील बहुतेक मालात सापडणारे अंश कायदेशीर मर्यादेच्या आतच असतात. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मर्यादा बहुतांशी एकेका द्रव्यासाठी ठरते आणि ताटात अनेक द्रव्ये एकत्र येतात. क्लोरपायरिफॉस तर अनेक दशके कायदेशीर होते. बालकांच्या मेंदूच्या वाढीविषयीची चिंता बळावल्यावर युरोपीय संघाने 2020 मध्ये त्यावर बंदी घातली. मोठ्या पाहण्यांतूनही एकच उत्तर मिळत नाही. ब्रिटनमधील सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या 2014 मधील पाहणीत सेंद्रिय अन्न खाणाऱ्यांत एकूण कर्करोग कमी आढळला नाही. फ्रान्समधील सुमारे 69 हजार प्रौढांच्या 2018 मधील पाहणीत मात्र सर्वाधिक सेंद्रिय अन्न खाणाऱ्यांत तो 25 टक्क्यांनी कमी दिसला. सेंद्रिय अन्न घेणारी माणसे एरवीही आरोग्याबाबत जागरूक असतात आणि त्यांची ऐपतही बहुधा बरी असते, त्यामुळे श्रेय नेमके कशाला द्यावे हे अशा पाहण्यांतून ठरत नाही. हे सारे लक्षात घेऊनही माझा सल्ला असा, की घरात गर्भवती स्त्री किंवा लहान मूल असेल, तर निवडक वस्तू सेंद्रिय घेण्यास हे कारण पुरेसे आहे.

त्या निवडक वस्तू ओळखण्यासाठी एक आठवडा घरात खाल्ली जाणारी फळे, भाज्या आणि धान्ये लिहून ठेवावीत. यादी तयार झाली की रोज किंवा एक दिवसाआड खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूंखाली रेघ ओढावी आणि त्यांतून ज्यांची साल आपण खातो किंवा ज्यांचे पानच खाल्ले जाते, त्या वेगळ्या काढाव्यात. स्ट्रॉबेरी, द्राक्षे, सफरचंद, पालक यांचा क्रम येथे वर लागतो. केळी, अननस, कांदा, मक्याचे कणीस यांचे बाहेरचे आवरण आपण टाकून देतो, त्यामुळे खाणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यावर जास्त खर्च करण्याचे कारण कमी. महिन्यातून एकदा खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूंचा विचारच करू नये. बहुतेक घरांत अशी छाननी केल्यावर यादीत मोजक्याच वस्तू उरतात आणि ‘सगळे सेंद्रिय की काहीच नाही’ हा पेच आपोआप सुटतो.

जे सेंद्रिय घेणार नाही, ते नीट धुवावे. सफरचंद हातात घेऊन पाहा. गाल गुळगुळीत असतो आणि चटकन धुतला जातो. पण देठाकडचा खळगा आणि खालची चुरमडलेली बाजू येथे फवाऱ्याचे पाणी साचून वाळलेले असते, आणि नेमके तिथेच आपले बोट पोहोचत नाही. वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने हे दोन्ही खळगे घासून घ्यावेत. 2017 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात झालेल्या प्रयोगात सफरचंदे खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवल्यावर बारा ते पंधरा मिनिटांत सालीवरचे अंश निघून गेले. त्यातले प्रमाण म्हणजे एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम सोडा, साधारण दोन सपाट चहाचे चमचे. त्याच प्रयोगात एक बुरशीनाशक सालीच्या आत मुरलेले आढळले आणि ते धुऊन गेले नाही. पिकाच्या आत भिनणाऱ्या अशा औषधांना आंतरप्रवाही म्हणतात. त्यांवर कोणत्याही पाण्याचा इलाज चालत नाही. साल काढली तर मुरलेला अंशही बराच जातो, पण सालीतला तंतुमय भागही जातो. भांड्यांचा साबण फळांना कधीही लावू नये. तो सालीत शिरतो आणि पोटात जातो.

पाकीटबंद वस्तू घेताना पुढच्या बाजूवरील हिरवी पाने आणि शेताची चित्रे यांकडे दुर्लक्ष करून पाकीट उलटावे. तेथे प्रमाणन करणाऱ्या संस्थेचे नाव किंवा क्रमांक आहे का, ते शोधावे. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘शेतातून थेट’ या शब्दांमागे तपासणी असेलच असे नाही. अमेरिकी नियमांत पाण्याचे व मिठाचे वजन सोडून किमान 95 टक्के घटक सेंद्रिय असतील तरच ‘सेंद्रिय’ लिहिता येते. किमान 70 टक्के असतील, तर केवळ ‘सेंद्रिय घटकांपासून बनवलेले’ असे म्हणता येते. आणखी एक नजर घटकांच्या यादीवर टाकावी. सेंद्रिय साखर ही साखरच असते आणि सेंद्रिय बिस्किटात ती तितकीच असू शकते.

प्रमाणपत्र नसलेल्या शेतकऱ्याकडून थेट घेत असाल, तर ‘सेंद्रिय आहे का’ असे विचारू नका. त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. या पिकावर शेवटचे औषध कोणते मारले, कधी मारले, मावा ही कीड पडली तेव्हा काय केले, शेजारच्या रानातली फवारणी वाऱ्याने इकडे येते का, असे विचारा. खरोखर काळजीने पिकवणारा माणूस त्या प्रश्नांवर खुलतो, अडचणी सांगतो, कधी पीक हातचे गेले तेही सांगतो. अशा माणसाकडचा माल प्रमाणपत्राविनाही विश्वासाने घ्यावा.

ज्यांचा प्रश्न तिसरा आहे, म्हणजे माती, पाणी आणि राबणारी माणसे, त्यांनी वर दिलेला सालीचा नियम बाजूला ठेवावा. तो नियम खाणाऱ्याचे रक्षण करतो, फवारणाऱ्याचे नाही. केळ्याची जाड साल आपल्याला वाचवते; केळीच्या बागेत पाठीवर पंप घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती वाचवत नाही. त्याची काळजी वाटत असेल, तर ज्या पिकांवर फवारणी सर्वाधिक होते ती सेंद्रिय घ्यावीत, मग त्यांची साल खाल्ली जावो अथवा न जावो. ते न खाल्ल्या जाणाऱ्या कापसालाही लागू होते. सेंद्रिय शेतांवर कीटक, पक्षी आणि रानफुले यांची विविधता सहसा अधिक आढळते. याची किंमतही आहे आणि ती लपवू नये: 2012 च्या एका मोठ्या तुलनेत सेंद्रिय शेतीचे उत्पन्न पीक आणि परिस्थितीनुसार 5 ते 34 टक्क्यांनी कमी आढळले, तर 2014 च्या दुसऱ्या तुलनेत ही तूट सरासरी 19 टक्के होती. तेवढेच धान्य पिकवायला अधिक जमीन लागते. जमीन जास्त लागली तरी मातीत विष कमी जावे, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी जास्तीचे पैसे समाधानाने द्यावेत. शरीराला होणाऱ्या फायद्याच्या हिशेबात ते बसवण्याचा खटाटोप करू नये.

खर्चाची मर्यादा ठरवताना एकच गोष्ट सांभाळावी. सेंद्रिय घेतल्यामुळे घरातील फळे आणि भाज्या कमी होता कामा नयेत. फळे आणि भाज्या भरपूर खाण्याचे फायदे ज्या अभ्यासांतून दिसले, त्यांतील बहुतेक लोक साधाच माल खात होते. आठवड्याअखेर टोपली नेहमीपेक्षा हलकी वाटू लागली, तर सेंद्रिय वस्तूंची यादी आखडती घ्यावी.

शेवटी जंतूंविषयी, कारण येथे निष्काळजीपणा सर्वांत महागात पडतो. सेंद्रिय म्हणजे निर्जंतुक नव्हे. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूची साथ पसरली, त्यात 50 हून अधिक माणसे दगावली आणि सुमारे चार हजार आजारी पडली. त्या साथीचा माग एका सेंद्रिय शेतावर मोडवलेल्या मेथीपर्यंत पोहोचला. जंतू बहुधा आयात केलेल्या बियांतूनच आले होते, त्यामुळे दोष सेंद्रिय पद्धतीचा मानता येत नाही. पण मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते, मग बी कसेही पिकवलेले असो. सेंद्रिय असो वा साधे, कच्चे खायचे सारे वाहत्या पाण्याखाली धुवावे, आणि लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांना मोड आलेली कडधान्ये आतपर्यंत वाफवल्याशिवाय देऊ नयेत.