रोजची प्रार्थना सुटते कुठे? या चुका टाळा

राखेच्या बुधवारी, म्हणजे इस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला राख लावून घरी आलेला माणूस ठरवतो की आता इस्टरपर्यंत रोज पहाटे तासभर प्रार्थना. पहिला आठवडा जोरात जातो. मग एखाद्या रात्री आळीत मयत होते, जागरण घडतं, दुसऱ्या दिवशी ठरलेली विरार लोकल चुकते आणि तासाचा अर्धा तास होतो. इस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारपर्यंत त्यातलं काही उरलेलं नसतं, उरते ती फक्त टोचणी. वसईत धर्मशिक्षणाच्या निमित्ताने पालकांशी बोलणं होतं तेव्हा हीच कहाणी वेगवेगळ्या तोंडून कानावर येते आणि शेवटी प्रत्येक जण एकच निदान करतो, 'माझी श्रद्धाच कमी पडते.' मला ते पटत नाही. बहुतेकांची श्रद्धा शाबूत असते. गडबड असते ती वेळेची, बेताची आणि कधीकधी शेजाऱ्याशी धरलेल्या अबोल्याची.

झेपणार नाही एवढं ठरवणं

पाच मिनिटांपासून सुरुवात करा. 'आमच्या बापा' शांतपणे म्हणायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. मग शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातल्या, चार-पाच ओळी आणि थोडा वेळ गप्प बसणं. प्रार्थना कशी करायची ते शिष्यांनी विचारलं तेव्हा येशूने त्यांना जी दिली ती एवढीशीच होती. 'दिदाखे' नावाच्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणात तीच प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. पाच मिनिटं दोन-तीन महिने टिकली की मग वाढवा. वाढवली नाहीत तरी चालेल.

'सगळं आवरलं की बसते'

आमच्याकडच्या बायकांचं हे ठरलेलं वाक्य आहे आणि सगळं कधीच आवरत नाही. भांडी झाली की उद्याची भाजी निवडायची असते, ती झाली की कुणाचा तरी फोन येतो, आणि मग डोळे मिटतात ते झोपेनेच. जुन्या लोकांनी यावर साधा तोडगा काढला होता. प्रार्थनेची वेळ त्यांनी आपल्या मनावर ठेवलीच नाही, ती देवळाच्या घंटेकडे दिली. सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी आंजेलसची, म्हणजे मरियेच्या छोट्या प्रार्थनेची, घंटा झाली की वाडीत पाणी लावणारा माणूस हातातलं खोरं टेकवून उभा राही. (1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चमधल्या कितीतरी घंटा देशावरच्या देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराची प्रसिद्ध घंटा त्यांतलीच मानतात. आजही कुणाला तरी बोलावतेच आहे ती.) बायबलमधला संदेष्टा दानीएलही दिवसातून तीनदा यरुशलेमच्या दिशेची खिडकी उघडून गुडघे टेकायचा, आणि येशू भल्या पहाटे, अंधार असतानाच, एकांतात जायचा असं मार्कने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात लिहून ठेवलं आहे.

आता घंटा सगळ्यांना ऐकू जात नाही. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये तर नाहीच. म्हणून प्रार्थना अशा कामाला जोडा जे तुम्ही न विसरता रोज करताच: चहाचं आधण ठेवणं, दुकानाचं शटर वर करणं, गाडी सुरू करणं. दादरला फुलं घेऊन जाणारे वाडीवाले पहाटेच्या लोकलमध्ये पाट्या नीट लावून झाल्या की जपमाळ काढतात. त्यांना अलार्म लागत नाही.

घड्याळ धरून बसायचा सल्ला सरसकट देऊ नये, हेही सांगायला हवं. अर्नाळा, पाचूबंदर, उत्तन या बाजूला डोलीने (खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याने) मासेमारी करणारे आपले ख्रिस्ती कोळी बांधव आहेत. डोल जाळं चालतं भरती-ओहोटीच्या ओढीवर, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे चारला समुद्रात असलेला तांडेल (होडीचा प्रमुख) आठवड्याभराने त्याच वेळी घरी घोरत असेल. त्याला 'रोज सकाळी सहाला प्रार्थना कर' म्हणणं म्हणजे 'करू नकोस' म्हणण्यासारखंच. त्याने वेळ पाण्यावर बांधावी. जाळं उतरलं आणि ओढायला अवकाश आहे, तेवढ्यात प्रार्थना. एक अडचण तरीही उरते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि जाळ्याबरोबर प्रार्थनेची खूणही निघून जाते. पावसाळ्यासाठी दुसरी खूण आधीच ठरवून ठेवा, उदाहरणार्थ जाळी दुरुस्त करायला बसण्याची वेळ. नाहीतर ऑगस्टमध्ये बोट समुद्रात जाते आणि प्रार्थना किनाऱ्यावरच राहते.

जपमाळेची शर्यत

संध्याकाळचे साडेसात. टीव्हीचा आवाज बंद केलाय, पण चित्र चालूच आहे. आजी 'नमो मरिया' सुरू करते आणि तिचा पहिला भाग संपायच्या आत मागचे दुसरा भाग सुरू करतात, त्यामुळे मधले दोन-तीन शब्द कुणीच म्हणत नाही. सून एक कान कुकरकडे ठेवून आहे. नातू मांडीखालच्या मोबाइलवर अंगठा फिरवतो आहे. आठच्या मालिकेच्या आत पाचही रहस्यं (येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, प्रत्येकाला दहा 'नमो मरिया') उरकतात, पण आज कोणती रहस्यं होती ते कुणालाच सांगता येणार नाही.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने पोकळ बडबडीबद्दल बजावलं आहे ते याला लागू पडतं. तेच शब्द पुन्हा म्हणण्यात वाईट काही नाही, न ऐकता म्हणण्यात आहे. अशा घरांना मी सांगते, पाचऐवजी एकच रहस्य म्हणा. आज मंगळवार, म्हणजे दुःखाची रहस्यं. त्यातलं एक घ्या, बायबलमधला तो प्रसंग नातवाला मोठ्याने वाचू द्या, आणि मग दहा 'नमो मरिया' अशा म्हणा की मागच्यांनी पुढच्यांचं वाक्य पुरं होऊ द्यावं. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये सुचवली, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पाठांतरात ती नसतातच. तिथे पुस्तक धरून मुलांना पुढे बसवायला चांगली संधी आहे. मोबाइल स्वयंपाकघरात. सगळ्यांचे, आजोबांचासुद्धा.

याच्या उलटही एक चूक असते आणि ती शिकल्यासवरल्या माणसांची आहे. ठरलेल्या प्रार्थना म्हणजे पोपटपंची, खरी प्रार्थना फक्त स्वतःच्या शब्दांची, असं ती माणसं मानतात. वेंगुर्ल्या-रत्नागिरीकडच्या प्रॉटेस्टंट घरांत स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची छान सवय असते, आपण कॅथलिकांनी ती शिकावी. पण दवाखान्याच्या बाकावर रात्री दोनला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तिथे लहानपणी पाठ केलेलेच कामी येतात. खुद्द येशूने क्रुसावर बायबलमधल्या स्तोत्रांतल्याच ओळी उच्चारल्या, बाविसाव्यातली आणि एकतिसाव्यातली.

मे आणि ऑक्टोबरपुरती भक्ती

मे महिन्यात वाडीतल्या क्रुसाला झेंडूच्या माळा, ऑक्टोबरात घरोघर जपमाळ, शेवटच्या दिवशी चणे आणि वडे. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी क्रुसापाशी कुत्रंही नसतं. महिना संपण्याआधीच शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून आठवड्यातला एक वार ठरवून टाकावा. सगळ्या आळीला आमंत्रण नको, नाहीतर पुन्हा चण्यांचा हिशोब सुरू होतो.

नुसतं मागणं

मागू नये असं नाही. येशूनेच मागा म्हटलंय, आणि न्यायाधीशाच्या दारात खेटे घालणाऱ्या विधवेचा दाखला लूकने आपल्यासाठीच नोंदवला आहे. अडचण तेव्हा होते जेव्हा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, कॅनडाच्या व्हिसासाठीच असते आणि व्हिसा हाती आला की नोव्हेनाही संपते, वर व्हिसा नाकारला तर देवावर रुसवा. पेंटेकॉस्टपूर्वी, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाआधी, प्रेषित आणि मरिया वरच्या माडीवर एकचित्ताने प्रार्थना करत थांबले होते. नोव्हेनाचे नऊ दिवस तिथून आले आहेत, आणि ती मंडळी पवित्र आत्म्याची वाट बघत होती. मागण्यांच्या आधी कालच्या दिवसातल्या दोन गोष्टींसाठी आभार माना, अगदी बारक्यासारक्या: लोकलमध्ये बसायला मिळालं, जावेने कालवं पाठवली. मग दुसऱ्या कुणासाठी तरी मागा. आपली यादी त्यानंतर.

आणि 'ही प्रार्थना 11 जणांना पाठवा, रात्रीपर्यंत चमत्कार होईल' असले व्हॉट्सअॅपवरचे संदेश कृपा करून पुढे ढकलू नका. त्याला प्रार्थना म्हणत नाहीत.

बांधावरचं भांडण घेऊन गुडघे टेकणं

ही चूक कुणी स्वतःहून सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त प्रार्थना हिच्यापायीच आटतात. कोकणात बांधाची एक वीत सरकली की तीन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत. वडिलोपार्जित वाडीच्या वाटणीवरून सख्खे भाऊ कोर्टात उभे असतात आणि रविवारी चर्चमध्ये एकाच मिस्साला (उपासनेला) येतात, एक पुतळ्याच्या बाजूला, दुसरा दाराच्या बाजूला. 'एकमेकांना शांती द्या' म्हटल्यावर दोघंही मागच्या बाकावरच्या अनोळखी माणसाशी हात मिळवतात. मग घरी जाऊन म्हणायचं, 'प्रार्थनेत मन लागत नाही.' कसं लागेल? मत्तयाचा पाचवा अध्याय सरळ सांगतो की वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. नवऱ्यांसाठी पेत्राने आपल्या पत्रात आणखी स्पष्ट लिहिलंय: बायकोला मानाने वागवा, नाहीतर तुमच्या प्रार्थनेत अडथळा येईल.

समेट एका दिवसात होत नाही आणि दावा मागे घेणं नेहमीच शहाणपणाचं असतं असंही नाही. जमीन मुलांची आहे, कागद खरे आहेत, तर निकाल लागू द्या. तेवढ्यात करता येतील अशा गोष्टी आहेत. रोजच्या प्रार्थनेत त्या भावाचं नाव घ्या, त्याच्या मुलांची नावं घ्या, 'त्याला सुबुद्धी दे' ही शेपटी न जोडता. मुलांसमोर त्याला शिव्या घालणं बंद करा. त्याच्या घरी आजारपण असेल तर विचारपूस करा. वहिनी दार उघडेल की नाही ते तिच्यावर.

काही वाटत नाही म्हणून थांबणं

सुरुवातीला प्रार्थनेत डोळे भरून येतात, रिट्रीटनंतर (एकांतातल्या प्रार्थना-शिबिरानंतर) तर हमखास. सहा महिन्यांनी तेच शब्द कोरडे वाटू लागतात आणि माणूस ठरवतो की आता ढोंग कशाला करायचं. कोरडं वाटलं म्हणून ती प्रार्थना खोटी ठरत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते अंधारावरच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरीही ते बायबलमध्ये आहे. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये, प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. त्या रोज पहाटे चॅपेलमध्ये बसतच होत्या. अविलाच्या संत तेरेजाने तर स्वतःच लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेपेक्षा तिचं ध्यान तास कधी संपतो याकडेच जास्त असायचं. प्रार्थनेच्या गुरू म्हणून चर्च ज्यांच्याकडे बघतं त्यांची ही गत, तर आपण एवढं मनाला कशाला लावून घ्यायचं?

कोरड्या दिवसांत वेळ वाढवू नका आणि कमीही करू नका. शब्द नकोसे झाले तर गा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसासाठी भजनांचा केवढा ठेवा करून ठेवलाय! चालीवर म्हटलेली ओळ थकलेल्या मनातही शिरते. पण महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतं, असं असेल तर त्याला आध्यात्मिक कोरडेपणा समजून गप्प राहू नका. फादरांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा.

गोळ्या बंद करणं

प्रार्थनासभेत बरं वाटलं म्हणून रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या परस्पर सोडणारी माणसं आहेत. असं करू नका. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी चर्चच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, वैद्याला हाकलायला सांगितलेलं नाही. पौलाच्या सोबतीचा लूक स्वतःच वैद्य होता आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो.

मन भरकटलं की चिडणं

भरकटणारच. हप्ता, पोराचे मार्क, गच्चीवर वाळत घातलेले बोंबील. जे डोक्यात आलं तेच एका वाक्यात देवाला सांगून टाका आणि परत मूळ ओळीवर या. चिडण्यात जास्त वेळ जातो.

राहिलेले दिवस भरून काढणं

लग्नसराईत घडी विस्कटतेच. मांडव, बँड, पाहुणे, रात्री दोनपर्यंत जाग. चार दिवस प्रार्थना राहिली की पाचव्या दिवशी काही जण चौपट जपमाळ म्हणायला बसतात, दमतात आणि सहाव्या दिवसापासून पूर्ण सोडतात. प्रार्थनेची थकबाकी नसते, ती वसूल करायला कुणी येत नाही. लग्नघरून परतताना रिक्षात एक 'आमच्या बापा' म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवलं की नेहमीची पाच मिनिटं.