जुन्या गाडीचा सायलेन्सर बसवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात जुनी ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणणारे हौशी लोक बरेच आहेत. इंजिन, रंग, सीट यांवर जीव ओतून काम होतं आणि सायलेन्सरची पाळी येते अगदी शेवटी, घाईघाईत. मग तक्रारी सुरू होतात: खालून खडखड, जोडातलं पॅकिंग फुटणं, घाटात ओढ नसणं, आत धुराचा वास. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एकच असतं. पाईप ताणून बसवलेला असतो.

इंजिन रबरी माउंटिंगवर असतं. रेस दिली की ते कलतं आणि मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळीला) जोडलेला पुढचा पाईपही त्याच्याबरोबर हलतो. तोच पाईप मागे चासीला लोखंडी पट्टी वेल्ड करून आवळला, तर सगळा जोर फ्लँजवर, म्हणजे बोल्टने आवळायच्या जोडपट्टीवर येतो. आधी पॅकिंग जातं, मग पाईप फ्लँजच्या गळ्याशी चिरतो. ‘टाका मारून देतो, काही होत नाही’ म्हणून वेल्डर चीर बुजवतो आणि थोड्याच दिवसांत शेजारी दुसरी पडते. चीर पुन्हा पुन्हा त्याच भागात पडत असेल तर वेल्डिंगला दोष देऊ नका, पाईप लटकवणारा हँगर बघा. तिथे रबरच हवं. शिवाय पाईप तापला की लांबतो. तीन मीटरचा साध्या लोखंडाचा पाईप ३०० अंशांनी तापला तर सुमारे ११ मिलिमीटर वाढतो, ३०४ स्टेनलेसचा १५ च्या आसपास. ही वाढ कुठेतरी जिरायला पाहिजे.

म्हणून सगळे जोड आधी ढिले ठेवून पूर्ण लाईन लटकवा. पाईप आपोआप जिथे येतो तिथे तो हाताने सहज जोडला गेला पाहिजे. पहार लावून भोकं जुळवावी लागत असतील तर पाईप काढून बेंड दुरुस्त करा. मग पुढून मागे एकेक जोड आवळत जा. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना करा. रॅम्पवर मागचा ॲक्सल खाली लोंबतो, त्यामुळे पाईपला भरपूर जागा दिसते. मागच्या सीटवर तीन माणसं बसली आणि चाक खड्ड्यात आदळलं की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि तोच ॲक्सल पाईपला ठोकतो. माणसं बसवूनच अंतर बघा. पेट्रोलच्या नळीपासून किमान ३५ मिलिमीटर सोडा, ब्रेकच्या नळीपासूनही दूर राहा.

ॲम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चांगले फिटरही फसतात. त्यात इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर काढणारा) दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर बसतात. काही नटांखालचे जाड वायसर दोन्ही मॅनिफोल्डच्या कानांवर (बाहेर आलेल्या कडांवर) एकदम दाब देतात. एक्झॉस्टचा वाकडेपणा काढायला फक्त त्यालाच फेस मारला (मशीनवर घासून सपाट केला), तर त्याचा कान पातळ होतो, वायसर तिरका बसतो आणि एक बाजू सुटी राहते. नट कितीही आवळा, गळती थांबत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनिंगला देताना पॅकिंगची बाजू दोन्हींची एकत्र बांधून एकाच सेटिंगमध्ये करायला सांगा आणि कानांची जाडी सारखी आहे का ते मोजा. इथली गळती ओळखायची खूण अशी: गार इंजिन सुरू केल्यावर टक-टक आवाज येतो आणि तापल्यावर कमी होतो. लोक टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज समजून टॅपेटच सेट करत बसतात. गार इंजिनावर टेल पाईपला (मागच्या शेवटच्या नळीला) जाड फडकं क्षणभर दाबून धरायला सांगा आणि जोडांजवळ कान द्या, फुसफुस लगेच कळते. पॅकिंगच्या कडेला काळी काजळीही दिसते.

दुसरी मोठी चूक आवाजाच्या हौसेची. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. त्याला जाड नळी आणि मोकळा सायलेन्सर लावला की धुराचा वेग पडतो आणि कमी आरपीएमची ओढ जाते. सपाट हायवेवर फारसं जाणवत नाही, चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर लगेच कळतं. नळी मूळ मापाचीच घ्या, बेंड मात्र चिमटलेले नकोत. शिवाय आवाजाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

घरातल्या पाण्याचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप वापरू नका. वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताचा धूर विषारी असतो. चिक्कोडीकडे साखर कारखान्यांची कामं करणारे फॅब्रिकेटर स्टेनलेसमध्ये तरबेज आहेत. त्यांच्याकडून करून घेताना स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचं असेल तर ३०९एल वेल्डिंग रॉड मागा.

खानापूर, जांबोटीच्या पावसात सायलेन्सर बाहेरून गंजतो, पण आतून जास्त. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गाडी दर रविवारी फक्त गल्लीच्या टोकापर्यंत फिरवली तर ते सायलेन्सरमध्येच साचतं. सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि गाडी नीट तापेपर्यंत चालवा. लोखंडी पाईपवर कापडी रॅप गुंडाळू नका, तो ओल धरतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. जुन्या गाडीच्या फरशीला आणि डिकीला भोकं असतात. पावसात काचा बंद असतात. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही. धुराचा जो वास येतो तो त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या वायूंचा. वास नाही म्हणून धोका नाही असं धरून चालू नका. मागे बसलेली मुलं पेंगायला लागली, कुणाचं डोकं दुखायला लागलं, तर तिथेच गाडी थांबवून सगळ्यांना बाहेर काढा. फरशीची भोकं, डिकीचं रबर, वायरीचे ग्रोमेट (भोकातल्या रबरी कड्या) आधी नीट करा. टेल पाईपचं तोंड बंपरच्या आत राहू देऊ नका, नाहीतर गाडी चालताना मागे तयार होणाऱ्या पोकळीतून धूर डिकीत ओढला जातो.

पहिली फेरी साधारण अर्ध्या तासाची करा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर मॅनिफोल्डचे आणि फ्लँजचे नट पुन्हा तपासून आवळा. नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात बसतं आणि नट ढिले पडतात.