पाण्याखालच्या उत्खननाचे फोटो काढताय? आधी गाळाशी जमवून घ्या

उत्खननात गाळाचा थर एकदा उपसला की तो गेलाच, मागे उरतात ती मोजमापं आणि तुमचे फोटो. त्यामुळे इथे फोटो देखणा नसला तरी चालतो, पण त्यावरून माप घेता आलं पाहिजे.

कॅमेऱ्याच्या आधी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात न बुडता न वर जाता तरंगत राहणं, पक्की करा. पायातला एक फिन तळाला घासला की गाळ उठतो आणि सगळं संपलं, बराच वेळ काही दिसत नाही. उपसा चालू असताना फोटोच्या नादाला लागूच नका, सकाळी पहिल्या डाइव्हला पाणी निवळलेलं असतं तेव्हा काढा, आणि प्रवाहाकडे तोंड करून सरका म्हणजे तुमच्यामुळे उठलेला गाळ मागेच वाहून जातो.

लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरमध्येच गायब होतो, म्हणून तांबडं मडकं करडं दिसतं. व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेऱ्यात करायची रंगांची जुळणी) त्याच खोलीवर पांढऱ्या पाटीवर सेट करा आणि रॉमध्येच, म्हणजे नंतर रंग सुधारता येतील अशा कच्च्या फाइलमध्येच, शूट करा. वाइड लेन्स लावून जवळ जा, मधे पाणी जितकं कमी तितकं बरं. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, दोन्ही बाजूंना लांब आणि जरा बाहेर वळवलेले ठेवा, नाहीतर पाण्यातला प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन फोटोत येतो.

आता स्केल, इथे भलेभले गंडतात. स्केलपट्टी वस्तूच्याच पातळीवर ठेवायची, वस्तू खड्ड्यात आणि पट्टी वर काठावर असेल तर पट्टी कॅमेऱ्याच्या जवळ म्हणून मोठी दिसते आणि माप चुकतं. सोबत उत्तर दिशेचा बाण, आणि तारीख, चर (उत्खननाचा खड्डा) नंबर, थर नंबर लिहिलेली पाटी.

फोटो सॉफ्टवेअरमध्ये जोडून थ्रीडी मॉडेल करायचं असेल तर झूम आणि फोकस फिक्स, शेजारच्या फोटोंमध्ये ७०-८० टक्के ओव्हरलॅप, आधी उभ्या रांगा मग आडव्या, आणि जहाजाच्या लाकडांच्या बाजू तिरक्या कोनातून वेगळ्या घ्या, वरून त्या दिसतच नाहीत. उथळ पाण्यात उन्हाची जाळी तळावर नाचते आणि सॉफ्टवेअर गोंधळतं, त्यापेक्षा ढगाळ वेळ परवडली.

खोल गेलात की वेळ फार कमी मिळतो. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या उलुबुरुन या प्राचीन जहाजावर १९८४ ते १९९४ काम चाललं, खोली ४४ मीटरच्या पुढे, डाइव्ह २२ हजारांवर! त्यामुळे कुठले फोटो हवेत ते पाटीवर आधीच लिहून न्या, आणि वर येऊन लॅपटॉपवर सगळे तपासून होईपर्यंत कुणाला पुढचा थर उपसू देऊ नका.